नुसता मुरगळला म्हणून सोडलेला पाय

घोटा आणि तळपायाच्या तुटलेल्या नसांबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी निवडली आहेत. आधी शब्दाचा गोंधळ मिटवू. रक्तवाहिनीला आपण नस म्हणतो, मज्जातंतूला नस म्हणतो आणि स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या पांढऱ्या दोरीलाही नसच म्हणतो. त्यामुळे 'नस तुटली' असं ऐकलेला माणूस कधी मेंदूविकारतज्ज्ञाच्या दारात बसतो, तर कधी घरी गरम तेल चोळत राहतो. इथे विषय आहे तो पांढऱ्या दोरीचा, म्हणजे टेंडनचा. उत्तरांत हाच शब्द वापरला आहे.

प्रश्न : वय ४१, राहणार कांदिवली. तीन महिन्यांपूर्वी टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळताना रन घ्यायला निघालो आणि मागून कुणीतरी टाचेवर बॅट मारल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर मागे कुणीच नव्हतं. एक्स-रेमध्ये हाड ठीक होतं, म्हणून मुरगळल्याचं सांगून क्रेप बँडेज बांधलं. आता चालता येतं, पण लंगडत. स्टेशनचा पूल उतरताना त्या पायाचा भरवसा वाटत नाही. एमआरआयमध्ये पोटरीला टाचेच्या हाडाशी बांधणारं अकिलीस टेंडन तुटलेलं आहे आणि मध्ये साडेचार सेंटिमीटर अंतर आहे, असं आलं. सर्जन म्हणतात, अंगठ्याचं टेंडन काढून टाचेत बसवावं लागेल. तुटलेली दोन टोकं सरळ शिवता का येत नाहीत? आणि अंगठ्याचं काय?

उत्तर : मागून कुणीतरी मारल्याची जाणीव आणि कधी 'फट्' असा आवाज, हे अकिलीस तुटल्याचं इतकं ठरावीक वर्णन आहे की नुसतं ऐकूनच संशय यायला हवा. तरीही हे निदान बऱ्याचदा हुकतं. एक्स-रेत टेंडन दिसत नाही. सूज आली की तुटलेल्या जागचा खड्डा भरून जातो. शिवाय रुग्ण पाऊल खाली दाबून दाखवतो, कारण ते काम थोडंफार करणारी आणखी टेंडन घोट्याच्या मागून गेलेली असतात. 'पाऊल हलतंय, म्हणजे नस शाबूत आहे' हा तर्क इथे फसतो.

खरी तपासणी अर्ध्या मिनिटाची. रुग्णाला पालथं झोपवायचं, पावलं पलंगाच्या कडेबाहेर ठेवायची आणि पोटरी मुठीत धरून दाबायची. टेंडन शाबूत असेल तर पाऊल आपोआप खाली झुकतं. तुटलं असेल तर हलत नाही. हिला थॉम्पसन चाचणी म्हणतात. मग दोन्ही गुडघे काटकोनात वाकवून पावलांकडे पाहायचं : चांगलं पाऊल किंचित वर टोक करून राहतं, तुटलेल्या बाजूचं सपाट पडतं. जुन्या दुखापतीत मधल्या जागी भरलेला वण थोडी ओढ पुढे पोचवतो, म्हणून पहिली चाचणी फसवी ठरू शकते. अशा वेळी दुसरी जास्त कामाची. आणि एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नाही, हे तर रुग्णाला स्वतःलाच कळतं.

आता सरळ शिवण्याबद्दल. तुटल्यानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पाऊल खाली झुकवलं की टोकं जवळ येतात. तेव्हा शिवता येतं किंवा न शिवता बुटात पाऊल झुकवून ठेवूनही टेंडन जुळतं. नॉर्वेमध्ये झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनेत वर्षभरानंतर दोन्ही गटांचं चालणं-वावरणं सारखंच होतं. पुन्हा तुटण्याचं प्रमाण मात्र न शिवलेल्यांत सुमारे ६ टक्के आणि शिवलेल्यांत एक टक्क्याच्या आत निघालं. उलट मज्जातंतूला इजा शिवलेल्यांत अधिक होती. म्हणजे ताज्या दुखापतीत निवडीला वाव असतो. चार-सहा आठवडे उलटले की तो संपतो. पोटरीचा स्नायू वर आखडतो, वरचं टोक वर सरकतं, मधली जागा कमकुवत वणाने भरते आणि काम नसलेल्या स्नायूत चरबी शिरते. टोकं ओढून जवळ आणली तर पाऊल कायमचं खाली झुकलेलं राहील, नाहीतर टाके मांस कापत सुटतील.

किती अंतराला काय करायचं याचा ढोबळ हिशेब मायरसन यांच्या वर्गीकरणात मिळतो. एक-दोन सेंटिमीटरपर्यंत टोकाला टोक. दोन ते पाच असेल तर पोटरीवरचा पांढरा पडदा उलट्या 'व्ही' आकारात कापून खाली सरकवायचा आणि 'वाय' आकारात शिवायचा, गरज वाटली तर जोडीला दुसरं टेंडन. पाचच्या वर दुसरं टेंडन घ्यावंच लागतं. तुम्ही साडेचारवर, म्हणजे सीमारेषेवर आहात. पण एमआरआयमधलं अंतर अंतिम धरू नका. खरं अंतर टेबलावर, मेलेला वण काढून टाकल्यावर मोजतात, आणि ते बहुधा वाढतं. म्हणून तुमच्या सर्जननी अंगठ्याचं टेंडन आधीच मनात धरलं असेल, तर तो शहाणपणाचा बेत आहे.

टेबलावर होतं ते असं. कमरेतून भूल, पालथी स्थिती, मांडीला रक्त थांबवणारा पट्टा. दोन्ही पाय निर्जंतुक करून उघडे ठेवलेले असले तर उत्तम, कारण चांगल्या पायाचं पाऊल सैल सोडल्यावर किती झुकतं हेच ताण ठरवण्याचं माप असतं. चीर मधोमध न घेता किंचित आतल्या बाजूने घेतात; बाहेरच्या बाजूने सुरल नावाचा मज्जातंतू खाली उतरतो, तो दुखावला तर पावलाची बाहेरची कड बधिर होते. वण काढल्यावर वरच्या टोकात जाड धागा घालून पाच-दहा मिनिटं सावकाश, सारखा ताण देतात. आखडलेला स्नायू एवढ्यात एक-दोन सेंटिमीटर खाली येतो. हा वेळ वाचवला की पुढचं सगळं ओढाताणीचं होतं. 'व्ही' करायचा ठरला तर त्याच्या भुजा अंतराच्या निदान दीडपट, बरेच जण दुप्पट घेतात. फक्त पांढरा पडदा कापायचा. खालचं मांस त्याला चिकटलेलं राहिलं पाहिजे, कारण रक्तपुरवठा तिथूनच येतो.

मग अंगठ्याचं टेंडन. अकिलीसच्या पुढचा पडदा उघडला की घोट्याच्या मागे लाल मांस खालपर्यंत उतरलेलं दिसतं, तेच ते. अंगठा हलवून पाहिला की खात्री पटते. त्याच्या अगदी आतल्या बाजूला टिबियल मज्जातंतू आणि धमनी असते, त्यामुळे कात्री तिकडे भटकू द्यायची नाही. टेंडन शक्य तितकं खाली कापून टोकाला धागा गुंफतात. टाचेच्या हाडात, अकिलीस जिथे चिकटतं त्याच्या जरा पुढे, तळव्याच्या दिशेने साधारण ६ ते ७ मिलिमीटर रुंदीचं भोक पाडून टेंडन त्यातून ओढून घेतात. पाऊल १५-२० अंश झुकवून, चांगल्या पायाशी ताडून, त्याच भोकात स्क्रू बसवला की टेंडन हाडात जाम होतं.

हेच टेंडन का, याला कारणं आहेत. ते शेजारीच आहे. चालताना ज्या क्षणी पोटरी आवळते त्याच क्षणी तेही आवळतं, म्हणून मेंदूला नवीन धडा शिकवावा लागत नाही. त्याचं मांस खालपर्यंत येत असल्याने रक्त कमी पडलेल्या जागेला रक्ताचा शेजार मिळतो. पण ताकदीचा भ्रम नको. पोटरीच्या जोरापुढे याचा जोर अगदी थोडा. पोटरी पुन्हा भरदार दिसेल, असं कुणी सांगत असेल तर ते खरं धरू नका.

अंगठा निकामी होत नाही. त्याचं शेवटचं पेर खाली वाकवण्याचा जोर कमी होतो. अंगठ्याच्या मुळाचा सांधा वाकवणारे छोटे स्नायू तळपायात शाबूत असतात, शिवाय पुढे या टेंडनचे शेजारच्या टेंडनशी बहुधा धागे जुळलेले असतात. चपलेचा अंगठा पकडायला जमतं. वेगाने पळणारा किंवा नाचणारा माणूस असेल तर त्याला फरक जाणवेल. तुम्ही रविवारी बॉक्स क्रिकेट खेळणारे असाल, तर बहुधा लक्षातही येणार नाही.

बिघडतं कुठे? पहिलं, जखम. टाचेमागे कातडी पातळ, खाली चरबी नाही. तंबाखू, सिगारेट आणि बेताल शुगर या तिन्हींनी तिथलं शिवण उघडतं. ऑपरेशनआधी चार आठवडे तंबाखू बंद, मिश्रीसुद्धा. दुसरं, आणि जास्त छुपं : टेंडन जुळतं, पण लांब जुळतं. टेबलावर ताण कमी पडला किंवा नंतर कुणी घाईने पाऊल वर ताणलं, की टेंडन अखंड असूनही चवड्यावर उभं राहता येत नाही. ढिल्या पडलेल्या दोरीला व्यायामाने ताठ करता येत नाही. म्हणून पहिले तीन महिने पोटरी ताणण्याचे व्यायाम करायचे नाहीत, मग घोटा कितीही आखडल्यासारखा वाटो. कडकपणा पुढे सुटतो, लांबी परत मिळत नाही.

वेळापत्रक ढोबळ असं : दोन आठवडे पाऊल झुकवलेला प्लास्टरचा स्लॅब, पायावर वजन नाही. टाके काढणं दोन ते तीन आठवड्यांनी. मग टाचेखाली पाचरी घातलेला वॉकर बूट आणि हळूहळू वजन. दर एक-दोन आठवड्यांनी एक पाचर कमी. दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास साधा बूट, आत एक सेंटिमीटरची टाचेची उंची. दोन्ही चवड्यांवर उभं राहणं चार महिन्यांच्या आसपास, एका चवड्यावर सहा महिन्यांनंतर. काहींना तेही पूर्ण जमत नाही. खेळ नऊ ते बारा महिन्यांनी, तोही दुसऱ्या पायाशी ताकद ताडून.

प्रश्न : आमच्या चाळीतल्या सामायिक संडासात मुलाचा पाय घसरला आणि भांड्याच्या फुटलेल्या कडेने टाचेच्या वर खोल कापलं. दवाखान्यात पाच टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शनही दिलं. जखम सुकत आली आहे, पण दहा दिवसांनीही तो टाच उचलत नाही. दुखतंय म्हणून असेल का? (लालबाग)

उत्तर : दुखतंय म्हणून नसावं. या आठवड्यातच हाडांच्या सर्जनकडे न्या. अजून सरळ शिवण्याची मुदत हातात आहे, महिन्याभराने नसेल.

भारतीय पद्धतीच्या संडासातली ही जखम आपल्याकडच्या अस्थिरोग विभागांना चांगली परिचित आहे. ओल्या पायऱ्यांवरून पाऊल भांड्यात घसरतं, चिनी मातीची कड फुटते आणि पाय बाहेर ओढताना ती कड टाचेमागे सुरीसारखी फिरते. बाहेरून चीर चार-पाच सेंटिमीटरची दिसते. आत अकिलीस अर्धं किंवा पूर्ण कापलेलं असतं, शेजारची टेंडन किंवा मज्जातंतूही सापडू शकतात. वरची कातडी शिवली की दृश्य नीट दिसतं आणि खरी दुखापत झाकली जाते. टाचेमागच्या कोणत्याही कापलेल्या जखमेत टाके घालण्याआधी पोटरी दाबून पाहायलाच हवी. मुलाच्या बाबतीत ते झालं होतं का, कुणास ठाऊक.

दुसरी अडचण घाणीची. ही जखम मैल्याने भरलेली, त्यामुळे नुसतं डेटॉलने पुसून भागत नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये जखम उघडून सलाइनने, लिटरांच्या हिशेबाने, धुवावी लागते; मळलेल्या, चेचलेल्या कडा कापाव्या लागतात. एक्स-रे आधी काढतात, कारण चिनी मातीचे तुकडे त्यात बहुधा दिसतात. जखम स्वच्छ झाली तर त्याच वेळी टेंडन शिवतात : दोन्ही टोकांत कडेने कुलूप घालत जाणारे टाके, जाड न विरघळणाऱ्या धाग्याने, गाठी तुटलेल्या जागी. खात्री नसेल तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा धुवून मग शिवतात. घाईत जाड धागा घाणीत पुरला, तर महिनोन्महिने पू येतो आणि शेवटी धागा काढावा लागतो. टेंडनही त्याच्याबरोबर जाण्याचा धोका असतो. कातडी कमी पडली तर प्लास्टिक सर्जन लागतो. म्हणून असा विभाग असलेलं रुग्णालय गाठलेलं बरं. केईएम, सायन, नायर ही महापालिकेची मोठी रुग्णालयं आणि सरकारी जेजे यांत अस्थिरोग आणि प्लास्टिक सर्जरी दोन्ही आहेत. जाताना आधीच्या दवाखान्याचा कागद आणि इंजेक्शनची तारीख न्या.

पुन्हा कुणाला असं झालं तर : नळाच्या वाहत्या पाण्याखाली जखम धरा, स्वच्छ कपड्याने दाबून बांधा, पाऊल खाली झुकलेलं ठेवून न्या. हळद, कॉफी, चुना काही भरू नका, ते सगळं नंतर खरवडून काढावं लागतं. आणि चाळीच्या मंडळाला सांगून ते तडकलेलं भांडं बदलून घ्या.

प्रश्न : वय ५८, गिरगाव. शुगर आहे, वजनही जास्त आहे. दोन वर्षांत उजवा तळपाय सपाट होत गेला. चप्पल आतल्या बाजूने झिजते, घोट्याच्या आतल्या हाडाखाली सुजतं. 'घोट्याचं टेंडन गेलंय, दुसरं बसवू आणि टाचेचं हाडही कापू' असं सांगितलं आहे. टेंडनच्या दुखण्यात हाड कशाला कापायचं?

उत्तर : तुमचं बिघडलेलं टेंडन टिबियालिस पोस्टेरियर असावं. घोट्याच्या आतल्या हाडामागून वळसा घेऊन ते तळपायाच्या कमानीच्या माथ्यावर, नॅव्हिक्युलर नावाच्या हाडावर बसतं आणि कमान उचलून धरतं. वळशाच्या जागी रक्तपुरवठा तोकडा असतो, म्हणून ते एकदम तुटण्यापेक्षा जुन्या दोरखंडासारखं आतून विरत जातं.

घरी पाहण्यासारखं : आरशाकडे पाठ करून उभ्या राहा आणि कुणाला तरी मागून पाहायला सांगा. चांगल्या पायाची एखाद-दुसरी बोटं बाहेरून दिसतात, दुखऱ्याची तीन-चार. मग भिंतीला बोटं टेकून एका पायाच्या चवड्यावर उठून पाहा. टेंडन चांगलं असेल तर उठताना टाच आत वळते. ती बाहेरच राहिली किंवा उठताच आलं नाही, तर ते गेलं.

हाड कापायचं कारण हिशेबाचं आहे. जागा भरायला शेजारचं, बोटं वाकवणारं टेंडन घेतात. ते मूळच्या टेंडनच्या साधारण निम्म्या जाडीचं. टाच बाहेर सरकलेलीच ठेवली, तर प्रत्येक पावलाला शरीराचं वजन कमान खाली दाबणार आणि मूळचं जाड टेंडन जिथे हरलं तिथे हे निम्मं टेंडन काही वर्षांतच हरणार. म्हणून टाचेचं हाड तिरकं कापून मागचा तुकडा सुमारे एक सेंटिमीटर आत सरकवतात आणि एक-दोन स्क्रूंनी पक्का करतात. त्याने वजनाची रेघ बदलते, पोटरीची ओढही आतून येऊ लागते. मग नॅव्हिक्युलरमध्ये भोक पाडून नवं टेंडन तळव्याकडून वर ओढतात आणि पाऊल आत वळवून, जरा खाली झुकवून बांधतात. फक्त टेंडन बदलून हाड तसंच ठेवण्याचा 'छोटा' पर्याय कुणी सुचवला, तर दुसरं मत घ्या.

हे सगळं पाऊल हाताने अजून सरळ होत असेल तरच. ते ताठ झालं असेल, तर टेंडन बदलून उपयोग नाही, सांधे जोडून टाकावे लागतात. पाय सरळ होतो, दुखणं थांबतं, पण खडबडीत रस्त्यावर तो जुळवून घेत नाही. उलट दुखणं सुरुवातीचं असेल तर कमानीला आधार आणि टाचेला आतून पाचर असलेला इनसोल, घोट्याचा पट्टा, वजनात घट आणि फिजिओथेरपी हे तीन ते सहा महिने नेटाने करून पाहायला हवं. टेंडनमध्ये स्टिरॉइडचं इंजेक्शन मात्र कुणालाही देऊ देऊ नका. दुखणं आठवडाभर शमतं आणि विरलेला दोर तुटतो.

शुगरबद्दल सर्जन बोलले नसतील तर तुम्ही विचारा. तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ८ टक्क्यांच्या वर असेल, तर बहुतेक ठिकाणी आधी ती खाली आणायला सांगतील. तळव्याला बधिरपणा असेल तर बेतच बदलू शकतो. सहा आठवडे पाय टेकायचा नाही, हेही आधी घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे. दोन महिन्यांपासून चालताना पाऊल 'फट फट' आपटतं. कमरेची नस दबली म्हणून कमरेचा एमआरआय झाला, त्यात वयाप्रमाणे थोडी झीज आहे. घोट्याच्या समोर लिंबाएवढी गाठ लागते. ती कसली? (ठाणे)

उत्तर : ती गाठ म्हणजेच बहुधा उत्तर आहे. घोट्यासमोरचं टिबियालिस अँटेरियर टेंडन तुटून वर आखडलं की त्याचं टोक असंच हाताला लागतं. वडिलांना पाऊल वर उचलायला सांगा आणि अंगठ्याकडे नीट पाहा. मज्जातंतू दबला असेल तर अंगठा आणि बोटंही वर उचलायला कमकुवत असतात, पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा असू शकतो. टेंडन तुटलं असेल तर अंगठा आणि बोटं उलट जास्तच वर ओढली जातात, कारण तेच पाऊल उचलू पाहतात, आणि संवेदना शाबूत असते. घोट्याची सोनोग्राफी केली की शंका फिटेल. ती कमरेच्या एमआरआयच्या मानाने पुष्कळच स्वस्त. आधी तीच व्हायला हवी होती.

दोन महिन्यांनी टोकं जुळणं कठीण. वडील रोज फिरायला जात असतील, जिने चढत असतील, तर मांडीमागचं टेंडन कलम म्हणून वापरतात किंवा अंगठा उचलणारं टेंडन पावलाच्या आतल्या बाजूच्या मिडियल क्युनिफॉर्म हाडात बसवतात. दुसरा मार्ग निवडला तर अंगठ्याकडे उरलेलं टोक शेजारच्या छोट्या टेंडनला शिवतात, नाहीतर अंगठा लोंबतो आणि सपातेत अडकतो. घरातल्या घरात वावर असेल तर बुटात बसणारा प्लास्टिकचा आधार पुरतो, आणि ते काही हार मानणं नव्हे.

प्रश्न : घोटा दोन वर्षांत सात-आठ वेळा मुरगळला. बाहेरच्या हाडामागे दुखतं, कधी काहीतरी 'टक्' सरकतं.

उत्तर : लिगामेंटसोबत (हाडाला हाड बांधणारे पट्टे) पेरोनियल टेंडन तपासून घ्या. ही दोन टेंडन बाहेरच्या हाडामागच्या खाचेत एकावर एक धावतात. हाडाला टेकलेलं पेरोनियस ब्रेव्हिस बहुधा आडवं न तुटता उभं चिरतं. निम्म्याहून कमी खराब असेल तर खराब पट्टी काढून उरलेलं नळीसारखं शिवतात. निम्म्याहून जास्त गेलं असेल तर ते काढून टोकं शेजारच्या दुसऱ्या टेंडनला, पेरोनियस लाँगसला, जोडतात. टेंडन खाचेबाहेर सरकत असेल तर खाच खोल करून वरचा पट्टाही दुरुस्त करावा लागतो, आणि लिगामेंट ढिलं असेल तर तेही त्याच बैठकीत, नाहीतर शिवलेलं पुन्हा चिरणार.

प्रश्न : अकिलीसचं ऑपरेशन ठरलं आहे. घर परळला, तिसरा मजला, लिफ्ट नाही, संडास गॅलरीच्या टोकाला. पावसाळा तोंडावर आहे. काय तयारी करावी?

उत्तर : कुबड्या ऑपरेशनच्या आधी आणा आणि आधीच सराव करा. भुलेतून उठल्यावर एका पायावर जिना शिकणं म्हणजे दुसरा पाय मोडून घेणं. अरुंद खोलीत वॉकर फिरत नाही, कोपराच्या कुबड्या बऱ्या. पहिले काही दिवस जिना बसून चढा-उतरा : पायरीवर बसायचं, हात आणि चांगल्या पायाने अंग उचलायचं, आजारी पाय समोर हवेत. पुढे उभं राहून चढताना चांगला पाय आधी, उतरताना आजारी पाय आधी.

संडासासाठी खुर्चीचा कमोड घ्या, ऑर्थोपेडिक सामानाच्या दुकानात भाड्यानेही मिळतो. उकिडवं बसणं हा या ऑपरेशननंतरचा सर्वांत मोठा शत्रू आहे. पूर्ण उकिडवं बसताना घोटा जितका वर वाकतो तितका दिवसभरात दुसऱ्या कशानेच वाकत नाही, आणि जुळणारं टेंडन तिथेच लांबतं. चार ते सहा महिने तरी नाही, मग फिजिओथेरपिस्टला विचारून. जमिनीवर मांडी घालून बसणं त्या मानाने लवकर चालतं. बसतानाचा-उठतानाचा क्षण सांभाळायचा, कारण पाऊल नकळत दुमडतं.

स्लॅब भिजला की आतली कातडी मऊ पडते आणि टाके चिघळतात. अंघोळ स्टुलावर बसून, पाय बाहेर दुसऱ्या स्टुलावर. त्यावर जाड पिशवी, वर टेप, आणि तरीही पाणी आत गेलंच असं धरून हात घालून बघा. वास आला, ओलं लागलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता बदलून घ्या.

पाय छातीच्या पातळीच्या वर, पहिले दहा दिवस दिवसाचा बहुतेक वेळ. खाली सोडला की जांभळा पडून ठणकतो, त्याने घाबरू नका, पुन्हा वर घ्या. घाबरायचं ते याला : पोटरीत वाढत जाणारी कळ आणि सूज, एकाएकी दम लागणं, छातीत टोचणं. पाय बांधून बसलेल्याच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. आधी कधी गुठळी झाली असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, वजन फार असेल, तर रक्त पातळ करणाऱ्या औषधाबद्दल सर्जनना आधीच विचारा.

लोकल सुरू करायची ती बूट सुटल्यावर, गर्दीची वेळ टाळून. पुलाच्या पायऱ्या उतरताना अख्खं पाऊल पायरीवर टेकवा, जरा तिरकं ठेवलं तरी चालेल. टाच हवेत ठेवून चवड्यावर उतरू नका, आणि धावती गाडी तर वर्षभर विसरा.

प्रश्न : लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन घेत आहे. टाचेमागे दुखू लागलं आहे. संबंध असू शकतो का?

उत्तर : असू शकतो. गोळी दिलेल्या डॉक्टरांना आजच फोन करा, ती बंद करून दुसऱ्या गटातलं औषध देता येतं का विचारा. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या, म्हणजे फ्लुओरोक्विनोलोन गटातल्या औषधांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ सालीच टेंडन तुटण्याचा ठळक इशारा छापायला लावला आहे. साठीपुढचं वय, सोबत स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण असेल तर धोका आणखी. दुखणं थांबेपर्यंत धावणं, उड्या, जिने घाईने चढणं बंद, आणि टाचेखाली एमसीआरचा (चपलेत वापरतात त्या मऊ रबराचा) सेंटिमीटरभर जाड तुकडा घाला, दोन्ही पायांना.